भंडाऱ्यानंतरचा सेन्सर : घरी पुसायचा की दुकानात द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे : सोमवती अमावस्येला जेजुरीत दिवसभर फोटो काढले. कॅमेरा सोनी ए६४००, त्यावर १८-१३५ची झूम, मध्ये दोनतीनदा लेन्सही बदलली. पुढच्या आठवड्यात राजगडावर गेलो, तर पहाटेच्या आकाशात करडे ठिपके. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कॅमेरा ठेवून जा. ऑनलाइन स्वॅबचं (कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, पुसायच्या कापडी टोकाच्या काड्यांचं) किट मिळतं. घरी साफ करू का? सेन्सर कायमचा खराब तर होणार नाही ना?

मी कॅमेरादुरुस्तीचं काम करतो. लोकांचे सेन्सर साफ करून देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तरीही सांगतो : पहिली पायरी, म्हणजे ब्लोअरने हवा मारणं, घरीच करा, आजच करा. दुसरी पायरी, म्हणजे ओला स्वॅब, घरी करायची की नाही, हे तुमच्या धाडसावर किंवा खिशावर ठरवू नका. सेन्सरवर नेमकं काय बसलंय, त्यावर ठरवा. भंडारा, म्हणजे जेजुरीत खंडोबावर उधळतात ती हळद, ही साधी धूळ नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ठिपके जेजुरीच्या फोटोंत का दिसले नाहीत आणि राजगडाच्या फोटोंत का दिसले, ते बघू. आपण 'सेन्सर साफ करतो' असं म्हणतो, पण प्रत्यक्ष सेन्सरला कोणाचाच हात लागत नाही. सेन्सरच्या पुढे काचेचे पातळ फिल्टर बसवलेले असतात आणि कचरा त्यातल्या सर्वांत बाहेरच्या काचेवर असतो. ती काच सेन्सरच्या पिक्सेलांपासून साधारण दोन मिलिमीटर पुढे असते. म्हणजे फोटोत दिसतो तो कण नव्हे, कणाची सावली. हळद पिवळीधमक असली तरी ठिपका करडा दिसतो तो त्यामुळेच.

आता हिशेब करा. एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लेन्सचं छिद्र लहान. एफ/१६ला एका पिक्सेलकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेपाशी जेमतेम १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो. तिथे ५० मायक्रॉनचा कण बसला असेल तर तो जवळपास १६ टक्के प्रकाश अडवतो आणि आकाशात स्पष्ट डाग उमटतो. तोच कण एफ/२.८ला असेल तर शंकूची रुंदी ७०० मायक्रॉनच्या आसपास जाते आणि अडलेला प्रकाश अर्धा टक्काही भरत नाही. जेजुरीत तुम्ही गर्दीत, उधळणीत, एफ/४ ते एफ/५.६च्या दरम्यान काम केलं असणार. त्यातून चित्रात रंग, माणसं, पायऱ्या, दीपमाळा. तिथे कण असले तरी कोणाला दिसणार? राजगडावर एफ/११-एफ/१६ आणि रिकामं आकाश, तिथे सगळे उघडे पडले.

म्हणून कपाटातून किट काढण्यापूर्वी स्वतःला विचारा की हे ठिपके खरोखर नडतायत का. लग्नं, पोर्ट्रेट, घरातले कार्यक्रम हेच तुमचं काम असेल आणि एफ/५.६च्या पुढे क्वचितच जात असाल, तर दोनचार फिकट ठिपक्यांसाठी सेन्सरला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअरमध्ये हीलिंग ब्रशने एका फोटोतले ठिपके काढा आणि तीच दुरुस्ती त्या दिवशीच्या बाकी आकाशांवर सिंक करा, ठिपके त्याच जागी असतात. पण तुम्ही गडकिल्ल्यांचे, निसर्गाचे फोटो काढता, लहान छिद्रावर काढता. तुम्हाला साफ करावाच लागेल.

आता चाचणी. आयएसओ १००, छिद्र एफ/१६, मॅन्युअल फोकस करून लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस ठेवा. समोर पांढरी भिंत किंवा लॅपटॉपवर उघडलेलं कोरं पान. एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, शटर सेकंदभर ठेवा आणि फोटो निघत असताना कॅमेरा हलकेच फिरवा. भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे तसेच राहतात. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून निर्णय घेऊ नका.

इथे एक गोष्ट नवख्यांना फार गोंधळात टाकते. लेन्स सेन्सरवर चित्र उलटं पाडते. कॅमेरा सरळ धरून माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या गोल तोंडातून, तुम्ही सेन्सरकडे समोरून बघता, तेव्हा वर-खाली उलटलेलं असतं, डावं-उजवं मात्र तेच राहतं. फोटोत ठिपका डाव्या वरच्या कोपऱ्यात असेल, तर सेन्सरवर तो डाव्या खालच्या कोपऱ्यात शोधा. हे माहीत नसल्यामुळे लोक स्वच्छ कोपरा घासत बसतात आणि घाण तिथेच राहते.

ठिपक्यांचा चेहराही नीट बघा. मऊ कडांचा करडा गोळा म्हणजे सुटी धूळ. वळलेली बारीक रेघ म्हणजे कापडाचा धागा. ठळक कडेचा, मधोमध उजळ दिसणारा गोल म्हणजे बहुधा तेलाचा किंवा द्रवाचा थेंब. आणि कितीही साफ केलं तरी तसूभर न हलणारा ठिपका म्हणजे एकतर काचेवर ओरखडा आहे, नाहीतर कण काचेच्या आत गेलाय.

यातली सुटी धूळ घरीच जाते. त्यासाठी रबरी ब्लोअर लागतो, चांगला, मोठा, टोकदार नळीचा. रॉकेटच्या आकाराचे मिळतात ते उत्तम. स्वस्तातल्या काही ब्लोअरच्या आत रबर चिकटू नये म्हणून पावडर मारलेली असते. नवा आणला की काळ्या कापडावर वीसपंचवीस वेळा मारून बघा. पांढरं काही पडत असेल तर तो कॅमेऱ्याजवळ आणू नका.

खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं, हात धुतलेले. बॅटरी पूर्ण भरलेली. मेनूतला क्लीनिंग मोड एकदा चालवा. त्यात सेन्सरपुढची काच कंप पावते आणि सुटे कण झडतात. मग कॅमेरा बंद करा आणि लेन्स काढण्याआधी बाहेरून माउंटची खोबण ब्लोअरने आणि मऊ ब्रशने साफ करा. जेजुरीहून आलेल्या कॅमेऱ्यात ही पायरी गाळली तर खोबणीतला भंडारा लेन्स फिरवताक्षणी आत पडतो. लेन्स काढली की बॉडीचं तोंड जमिनीकडे करा, नळी माउंटच्या आत न नेता खालून वर दहाबारा जोरदार फुंकारे मारा. तोंड खालीच ठेवून लेन्स लावा आणि पुन्हा चाचणी घ्या. अर्ध्याहून जास्त वेळा काम इथेच संपतं.

ज्यांचा कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा आपोआप मिटतो, त्यांच्यासाठी एक सूचना. कॅननच्या ईओएस आर मालिकेतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असं होतं. धूळ अडवायला ते चांगलं आहे, पण मिटलेल्या पडद्यावर फुंकारा मारू नका. त्या पात्या इतक्या नाजूक असतात की एखादी वाकली तर शटरच बदलावं लागतं. मेनूतून हाताने साफ करण्याचा मोड लावा, पडदा उघडल्याची खात्री करा, मगच पुढे जा. डीएसएलआर, म्हणजे सेन्सरपुढे आरसा असलेला कॅमेरा, असेल तर आरसा वर उचलून धरणारा मोड लावा. मधेच बॅटरी संपली तर आरसा धाडकन खाली येतो, म्हणून ती भरलेली हवी. तुमच्या ए६४००मध्ये लेन्स काढली की सेन्सर थेट समोर असतो आणि तो माउंटपासून अवघा १८ मिलिमीटर आत आहे. साफ करायला सोपा, धूळ पडायलाही तितकाच सोपा.

काय करू नये, तेही सांगतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट माझ्या टेबलावर येऊन गेली आहे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे सूक्ष्म थेंब काचेवर वाळतात. हवेचा स्प्रे कॅन वापरू नका, तो तिरका झाला की आतला द्रव थेट काचेवर येतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं. कानकाडी नको, तिचे तंतू सुटतात. चष्म्याचं द्रव नको, सॅनिटायझर नको. औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बहुतेक वेळा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं पाणी वाळताना डाग सोडतं. लेन्सवर वापरलेलं लेन्स पेन तर अजिबात नको, त्याच्या टोकावर लेन्सवरचं बोटांचं तेल बसलेलं असतं.

आता स्वॅबकडे येऊ. भंडाऱ्याचं वेगळेपण इथेच आहे. ताडोबाच्या उन्हाळ्यातली धूळ, कासच्या पठाराची किंवा कोकणातली लाल माती यांत वाळूचे कठीण कण असतात. ते काचेवर असताना घासलं तर काचेवरच्या कोटिंगला चरा पडू शकतो. हळद तशी कठीण नाही, चरा पाडणार नाही. पण तिच्यात तेल असतं, ती चिकटते आणि घासली की पसरते. त्यातून जेजुरीच्या उधळणीत निव्वळ हळद कुठे असते? पायऱ्यांवरची माती, खोबऱ्याचे बारीक कण, हजारोंच्या पावलांनी उडालेला धुरळा, सगळं एकत्र हवेत तरंगत असतं. म्हणून भंडाऱ्यातून आलेल्या सेन्सरवर कोरडा ब्रश कधीही फिरवू नका. धुळीला तो चालतो, हळदीला नाही. ती ब्रशच्या केसांना लागते आणि एका ठिपक्याचा पट्टा होतो. चिकट जेलच्या काड्या मिळतात, त्या ठिपका नेमका उचलतात, पण त्यांचा चिकटपणा कोणत्या कोटिंगला चालतो हे बघून घ्यावी लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी त्या सुचवत नाही.

ओला स्वॅब घ्या तो १६ मिलिमीटरचा. तुमचा सेन्सर २३.५ × १५.६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीशी जुळते आणि एका ओढीत सगळी काच पुसली जाते. फुलफ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, २४ मिलिमीटरचा लागतो. चुकीच्या मापाचा घेतला की मधे पट्टे राहतात, नाहीतर तो कडांना अडकतो.

ब्लोअर मारून झाल्याशिवाय स्वॅब उघडू नका, हा नियम पक्का. मग स्वॅबच्या धारेवर द्रवाचे दोन थेंब, फार तर तीन. काही सेकंद थांबा, म्हणजे द्रव कापडात मुरतो. थेंब जास्त झाले तर ते कडेला साचतात, काचेच्या चौकटीत शिरतात आणि वाळल्यावर किनाऱ्याला नकाशासारखे डाग सोडतात. घरी केलेल्या सफाईत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, चरे नव्हेत. स्वॅब किंचित तिरपा धरून सेन्सरच्या एका टोकाला टेकवा आणि न उचलता, न थांबता, एकाच वेगाने दुसऱ्या टोकापर्यंत न्या. दाब किती? कागदावर शाईच्या पेनने सही करताना देता तेवढा. दुसऱ्या टोकाला उचला, स्वॅबची कोरी बाजू खाली करा आणि उलट दिशेने एकदा आणा. झालं. तो स्वॅब कचऱ्यात. कितीही स्वच्छ दिसला तरी तो पुन्हा वापरायचा नाही, धुऊन तर नाहीच.

भंडाऱ्याच्या बाबतीत पहिल्या स्वॅबनंतर ठिपके जाऊन त्या जागी पुसट, पसरट डाग दिसू शकतो. घाबरू नका. हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. किटमधलं द्रव अल्कोहोलचं असेल, तर पहिल्या ओढीत तो विरघळून काचेवर पातळ पसरतो आणि दुसरा नवा स्वॅब तो उचलून घेतो. क्वचित तिसरा लागतो. मात्र तिसऱ्यानंतरही डाग तसाच असेल तर तिथे थांबा. चौथ्यांदा जोर लावून घासण्याचा मोह होतो आणि नुकसान नेमकं तेव्हाच होतं. कॅमेरा बंद करा, बॉडी कॅप लावा आणि कुणा जाणकाराकडे घेऊन जा.

तुमच्या ए६४००मध्ये बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी सेन्सर हलवून फोटो स्थिर ठेवणारी सोय, नाही, हे तुमच्या दृष्टीने सोयीचं आहे. सेन्सर एका जागी पक्का असतो. ज्यांच्या कॅमेऱ्यात ते आहे, त्यांच्यात सेन्सर चुंबकांच्या आधारावर तरंगता असतो आणि स्वॅबखाली सरकतो. तोही साफ करता येतो, आम्ही रोज करतो, पण हात बसलेला नसेल तर पहिली सफाई तशा कॅमेऱ्यावर करू नये.

कायमचा खराब होईल का, या तुमच्या भीतीबद्दल. योग्य मापाचा कोरा स्वॅब, दोन थेंब आणि आधी ब्लोअर, एवढं पाळलं तर काचेला चरा पडण्याची शक्यता फार कमी आहे. पण एक लक्षात ठेवा : कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत ग्राहकाने ब्लोअरपर्यंतच जावं असा सल्ला असतो आणि तुमच्या हातून चरा पडला तर तो वॉरंटीत बसत नाही. कॅमेरा वॉरंटीत असेल आणि ब्लोअरने काम झालं नसेल, तर मी स्वतः तुम्हाला सर्व्हिस सेंटरलाच जा म्हणेन.

दुकानात पैसे देऊन नेमकं काय मिळतं? आम्हीही बहुतेक वेळा तोच ब्लोअर, तसाच स्वॅब किंवा काडीला गुंडाळलेला लेन्स टिश्यू आणि तसंच द्रव वापरतो. फरक पडतो तो दिवा असलेल्या भिंगाने. त्यातून कण प्रत्यक्ष दिसतो, अंदाजाने पुसावं लागत नाही. शिवाय सेन्सर बॉक्सच्या भिंती, माउंट, आरशाभोवतीचा भाग, जिथे कण दबा धरून बसतात, तेही साफ होतं. आणि काही बिघडलं तर जबाबदारी दुकानाची असते. पैशांचं म्हणाल तर एका सफाईचे शहराप्रमाणे काही शे ते दोनेक हजार रुपये पडतात, वर जीएसटी. स्वॅबचं डझनाचं किट साधारण तेवढ्यातच येतं. वर्षातून एकदाच साफ करावा लागत असेल तर किट घेऊन फारसं वाचत नाही. जत्रा, वारी, सफारी करणाऱ्याचं मात्र वाचतं, आणि मुख्य म्हणजे पहाटेच्या शूटच्या आदल्या रात्री दुकान उघडं नसतं.

काही गोष्टी मात्र घरी करायच्याच नाहीत. तेलाचे गोल ठिपके साफ केल्यावर पुन्हापुन्हा येत असतील, तर ते बहुधा शटरच्या यंत्रणेतून उडतंय आणि स्वॅब मारून मूळ दुखणं जाणार नाही. २०१२मध्ये आलेल्या निकॉन डी६००च्या वेळी असे ठिपके इतके गाजले की फेब्रुवारी २०१४मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीसुद्धा तपासणी, सफाई आणि गरज असेल तिथे शटर बदलणं मोफत करून द्यायचं जाहीर केलं. म्हणून तसे ठिपके दिसले तर आधी तारखेसकट चाचणीचे फोटो जपून ठेवा. तो तुमचा पुरावा. समुद्राचं पाणी उडालं असेल, कोकणच्या दमटपणात बुरशी आली असेल, किंवा कण काचेच्या आत असेल, तरीही दुकानच. काच उघडायची तर सेन्सर खोलावा लागतो आणि परत बसवताना तो बारीकसा तिरका बसला तरी फोटोची एक बाजू कायम मऊ येते.

दुकान निवडताना पाटी किती मोठी आहे ते बघू नका. आधीचा आणि नंतरचा एफ/१६चा फोटो दाखवाल का, असं विचारा. नवा स्वॅब माझ्यासमोर उघडाल का, तेही विचारा. चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट तुम्हाला भिंगातून बघायला बोलावतो. मुंबईत फोर्टात बोराबाजारात, पुण्यात पेठांमध्ये समोर बसवून साफ करून देणारे मिळतात. सर्व्हिस सेंटरला ठेवून यावं लागतं, पण बिल आणि नोंद मिळते. नुसत्या धुळीसाठी कॅमेरा कुरिअरने पाठवू नका. देताना फक्त बॉडी द्या, कार्ड काढून घ्या आणि बॉडी कॅप आतून साफ करून लावा. बॉडी कॅप आणि लेन्सची मागची टोपी कोणी कधी धूत नाही. बॅगेच्या तळाला महिनोन्‌महिने पडून त्यांच्यात जमलेला धुरळाच पुन्हा सेन्सरवर जातो. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. बॅगही उलटी करून व्हॅक्यूमने साफ करा.

राहिली तुमची झूम लेन्स. खरं सांगायचं तर तुमच्या सामानात मला काळजी वाटते ती तिचीच. १८-१३५ झूम करताना बाहेर येते, आणि दर वेळी आत-बाहेर होताना हवा ओढते. उधळणीत दिवसभर ती हवा भंडाऱ्याची होती. झूम पूर्ण बाहेर काढून नळीवर पिवळी झाक दिसते का बघा. रिंग फिरवताना किरकिर लागते का, मागच्या काचेभोवती पिवळं बसलंय का, तेही तपासा. यातलं काही आढळलं तर ओलं फडकं लावू नका आणि झूम उगाच फिरवूही नका, कारण हळद नळीतल्या वंगणात मिसळली की तिची चिकट पेस्ट होते. सेन्सर घरी ब्लोअर आणि दोन स्वॅबनी साफ होईल, दुकानात द्यायचे पैसे त्या लेन्सवर खर्च करा. ती साफ होऊन येईपर्यंत बॉडीवर दुसरी लेन्स लावा, नाहीतर आज पुसलेल्या काचेवर पहिल्याच झूमला आतला भंडारा येऊन बसेल. पुढच्या सोमवतीला खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर निघण्याआधी एकच न लांबणारी लेन्स लावा, रेन कव्हर घाला, आणि घरी येऊन बाहेरून पूर्ण साफ केल्याशिवाय ती काढू नका.